शिसे आणि मोटार-दुरुस्तीचा कारागीर

विषयप्रवेश

कार्यशाळेत घडणाऱ्या अपघातांकडे आपले लक्ष चटकन जाते. जॅक निसटून बोट चेंगरले किंवा रेडिएटरचे झाकण उघडताना वाफेने हात भाजला, तर जखम दिसते, वेदना होते आणि उपचारही लगेच सुरू होतात. परंतु काही इजा अशा असतात की, त्यांत रक्त सांडत नाही, प्रारंभी वेदना होत नाही, आणि ज्याला इजा झाली त्यालाही ती वर्षानुवर्षे कळत नाही. शिशाची विषबाधा ही अशा इजांपैकी अत्यंत जुनी आणि सखोल अभ्यासली गेलेली इजा होय.

मोटार-दुरुस्तीचा धंदा आपल्या देशात सर्वत्र पसरलेला आहे. जुन्या मोटारींच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेले दिल्लीचे मायापुरी, कोलकात्याचा मल्लिक बाजार किंवा चेन्नईचे पुदुपेट अशा मोठ्या पेठा आहेत. पण हमरस्त्याच्या कडेला पत्र्याच्या आडोशाखाली चालणारी लहान गॅरेजे संख्येने कितीतरी अधिक आहेत. तेथे एक उस्ताद, दोन-तीन कारागीर आणि काम शिकणारी एखाद-दुसरी मुले एवढाच सारा परिवार असतो. अशा ठिकाणी शिसे कोठून येते, ते शरीरात कसे शिरते, शिरल्यावर काय करते आणि त्याची वाट कशी बंद करावयाची, या चार प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

शिसे : एक ओळख

शिसे हा करड्या रंगाचा, जड आणि मऊ धातू आहे. पाण्याच्या मानाने तो सुमारे ११.३ पट जड आहे. नखाने त्याच्यावर ओरखडा उठतो आणि कागदावर घासल्यास रेघ उमटते. संस्कृत ग्रंथांत त्याला 'सीसक' किंवा 'नाग' असे म्हटले आहे. लॅटिन भाषेत त्याचे नाव 'प्लंबम' असे होते. नळ बसविणाऱ्या कारागिराला आपण आज 'प्लंबर' म्हणतो तो शब्द याच नावावरून आला, कारण रोमन काळापासून पाण्याचे नळ शिशाचे करीत असत.

शिशाची काही संयुगे आपल्या घरादारांत जुन्या काळापासून परिचित आहेत. रंगाऱ्यांचा जुना सफेता म्हणजे शिशाचे कार्बोनेट. खरा शेंदूर आणि मुरदाडशिंग ही शिशाची ऑक्साइडे होत. यांपैकी शेंदूर तेलात खलून लोखंडावर लावला असता गंज धरत नाही. म्हणून पूल, जहाजे आणि मोटारींचे सांगाडे यांवर त्याचा पहिला हात देण्याची प्रथा फार दिवस होती.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने शिशाचे तीन गुणधर्म ध्यानात ठेवावेत. पहिला, ते अवघ्या ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. साधी शेगडी किंवा स्टोव्ह त्याला पुरेसा होतो. दुसरा, सुमारे ५०० अंशांच्या वर तापविल्यास त्याची वाफ लक्षणीय प्रमाणात निघू लागते. ही वाफ हवेत येताच तिचे ऑक्साइड बनते आणि अतिशय सूक्ष्म कणांचा धूर पसरतो. तिसरा गुणधर्म सर्वांत महत्त्वाचा आहे. शिसे हे मूलद्रव्य असल्यामुळे ते जळून नाहीसे होत नाही किंवा कुजून निरुपद्रवी होत नाही. एकदा धुळीत मिसळलेले शिसे झाडून, धुऊन किंवा उचलून नेईपर्यंत तेथेच राहते.

जुना अनुभव

इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. शिशाचा मुलामा चढविणारे कुंभार आणि रंगारी यांना होणाऱ्या व्याधींचे वर्णन त्यात आहे. १८३९ मध्ये फ्रान्समध्ये ताँक्रेल दे प्लांश याने शिशाने बाधलेल्या शेकडो रोग्यांचा अभ्यास करून या रोगाचे पद्धतशीर वर्णन केले. ब्रिटनमध्ये १८९८ साली कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक म्हणून टॉमस लेग यांची नेमणूक झाली. लेग यांनी अनुभवान्ती जे तत्त्व मांडले ते आजही या शास्त्राचा पाया मानले जाते. त्यांच्या मते, मालकाने आपल्याकडून सर्व काही केल्याखेरीज कामगार स्वतःच्या रक्षणासाठी जवळजवळ काहीच करू शकत नाही. शिवाय, आपण हाताळतो त्या पदार्थात कोणता धोका आहे हे प्रत्येक कामगाराला आधी सांगितले पाहिजे, असाही त्यांचा आग्रह होता.

मोटारीच्या इतिहासात शिशाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. इंजिनातील पेट्रोल अवेळी पेटून ठोके पडू नयेत यासाठी त्यात शिशाचे टेट्राएथिल हे संयुग मिसळावे, हा शोध अमेरिकेत टॉमस मिज्ली याने १९२१ मध्ये लावला आणि १९२३ पासून असे पेट्रोल विकले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९२४ मध्ये, न्यू जर्सीतील बेवे येथे हे संयुग तयार करणाऱ्या कारखान्यातील कामगारांना भास व झटके होऊ लागले आणि त्यांपैकी पाच जण दगावले. एवढे होऊनही शिसेयुक्त पेट्रोलचा प्रसार जगभर झाला. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद करण्यात आले. मोटारींसाठी असे पेट्रोल विकणारा अखेरचा देश अल्जीरिया होता. तेथे ते २०२१ मध्ये थांबले.

पेट्रोलने सुटे भाग धुणे, त्यानेच हात साफ करणे, नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणे या सवयी गॅरेजात जुन्या आहेत. टेट्राएथिल संयुग कातडीतूनही शरीरात शिरते. त्यामुळे त्या काळच्या मेकॅनिकांना या सवयी दुहेरी घातक होत्या. पेट्रोलमधील शिसे गेले ही मोठीच गोष्ट झाली. परंतु त्यामुळे गॅरेजातील शिसे संपले असे मात्र नाही.

गॅरेजात शिसे कोठे असते?

(१) रेडिएटर. मोटारीचे पाणी थंड करणारा जुन्या पद्धतीचा रेडिएटर तांबे व पितळ यांचा असतो. त्याच्या वरच्या व खालच्या टाक्या आणि मधली जाळी ही डाखाने जोडलेली असतात. डाख म्हणजे शिसे आणि कथील यांची मिश्रधातू. रेडिएटरच्या डाखात शिशाचा वाटा बहुधा कथलाहून अधिक असतो. गळती काढावयाची झाल्यास कारागीर गॅसच्या ज्योतीने जुना डाख वितळवितो, तारेच्या ब्रशाने तो खरवडतो, नवसागर किंवा तत्सम पदार्थ लावून जागा साफ करतो आणि नवा डाख भरतो. डाख वितळण्यास थोडीच उष्णता लागते. पण ज्योतीचे तापमान त्याच्या कित्येक पट असते. ज्योत एके जागी थोडी अधिक वेळ राहिली की शिशाचा धूर निघतो, आणि कारागिराचा चेहरा त्या धुराच्या अगदी जवळ वाकलेला असतो. ब्रशाने उडणारी भुकटी त्याच्या कपड्यांवर आणि जमिनीवर बसते. अमेरिकेतील बॉस्टन परिसरात रेडिएटर-कारागिरांची रक्ततपासणी झाली, तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळांच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले. नव्या मोटारींत ॲल्युमिनियमचे रेडिएटर आले असले, तरी जुने ट्रक, ट्रॅक्टर आणि अवजड यंत्रे यांवर तांब्या-पितळेचे रेडिएटर अद्याप दुरुस्तीस येतात.

(२) बॅटरी. शिसे व गंधकाम्ल यांची बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्टाँ प्लान्ते याने १८५९ मध्ये तयार केली. तिचे तत्त्व आजही तेच आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी शेकडा ८० हून अधिक शिसे बॅटऱ्यांत जाते. मोटारीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी दोन व्होल्टची सहा घरे असतात. त्यांतील जाळ्या शिशाच्या, एका पट्टीवरील लेप शिशाच्या डायऑक्साइडाचा आणि दुसरीवरील सच्छिद्र शिशाचा. एकूण वजनात निम्म्याहून अधिक भाग शिसे व त्याची संयुगे यांचाच असतो. बंद बॅटरी नुसती उचलण्या-ठेवण्यात किंवा भारित करण्यात शिशाचा धोका फारसा नाही. तेथे अम्ल आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू यांपासून जपावे लागते. बॅटरी फोडणे, पट्ट्या बदलणे, शिशाची टोके वितळवून पुन्हा ओतणे ही कामे मात्र अत्यंत धोक्याची होत. पट्ट्यांवरील लेप वाळला की त्याचे पीठ होते आणि ते वाऱ्याबरोबर उडते. सांडलेल्या अम्लातही शिशाची संयुगे मिसळलेली असतात. ते गटारात ओतल्यास आसपासची माती बाधित होते.

(३) पत्रा आणि रंग. अपघातात दबलेला पत्रा ठोकून सरळ केल्यावर उरलेले खळगे पूर्वी शिसे-कथलाच्या मिश्रधातूने भरून कानशीने घासत असत. आज त्या जागी कृत्रिम राळेची लांबी, म्हणजेच पुट्टी, वापरतात. तरीही जुन्या गाड्यांवरील रंग काढताना शिशाशी गाठ पडते. पिवळा व नारिंगी रंग आणण्यासाठी शिशाचे क्रोमेट वापरण्याची प्रथा मोठी होती. पॉलिश पेपराने किंवा विजेच्या चक्राने असा रंग कोरडा घासला की उडणारी धूळ श्वासाबरोबर आत जाते. आणि शिशाच्या क्रोमेटात शिशाखेरीज कर्करोगास कारण होणारे क्रोमियमही असते. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी २०१६ च्या नियमांनी ठरविली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. ते नियम घराच्या रंगांसाठी आहेत. मोटारीचे रंग त्यांच्या कक्षेत येत नाहीत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

(४) चाकांची वजने. चाक समतोल फिरावे म्हणून त्याच्या कडेला लहान वजने लावतात. ती पुष्कळदा शिशाची असतात. युरोपीय संघाने २००५ पासून नव्या मोटारींवर अशी वजने लावण्यास मनाई केली; तेथे जस्त किंवा पोलाद वापरतात. घट्ट धातूचा तुकडा हाताळण्यात धोका थोडा असतो, हात न धुता जेवल्यास मात्र तो वाढतो. जुनी वजने गोळा करून वितळविण्याचा उद्योग कोणी करू लागल्यास तो धोका बॅटरीच्या कामाइतकाच मोठा होतो.

शरीरात प्रवेश

धातुरूप शिसे आणि त्याची साधी संयुगे धडधाकट कातडीतून फारशी शिरत नाहीत. त्यांच्या मुख्य वाटा दोन : नाक आणि तोंड.

धुराचे कण इतके बारीक असतात की ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात आणि तेथून त्यांचा मोठा भाग रक्तात जातो. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे दहावा हिस्सा शोषला जातो. लहान मुलांच्या बाबतीत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकते. पोट रिकामे असल्यास, किंवा आहारात लोह व कॅल्शियम कमी असल्यास शोषण वाढते. अर्थात, सकाळी काही न खाता कामावर आलेल्या, अपुऱ्या आहारावर वाढणाऱ्या मुलाला हे विष अधिक बाधते. बोटांवरील काळा थर चहाच्या पेल्याला, विडीला, तंबाखूच्या चिमटीला आणि वडापावाला लागतो, आणि तोंडावाटे पोटात जातो.

आता थोडा हिशेब करून पाहू. रक्तातील शिसे हे दर डेसिलिटर, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात किती मायक्रोग्रॅम आहे या मापाने सांगतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दशलक्षावा भाग. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर, म्हणजे ५० डेसिलिटर रक्त असते. एखाद्या कारागिराच्या रक्तात दर डेसिलिटरला ५० मायक्रोग्रॅम शिसे आढळले, तर त्याच्या सर्व रक्तात मिळून

५० × ५० = २,५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अडीच मिलिग्रॅम

शिसे असेल. मोहरीच्या एका दाण्याचे वजन साधारण एवढेच भरते. रक्तात एवढे शिसे असणे प्रौढासाठीही गंभीर होय. बॅटरीच्या एका पट्टीतून उडालेली चिमूटभर भुकटी याच्या कित्येक पट असते, हे लक्षात घेतले म्हणजे धूळ आणि धूर यांना एवढे महत्त्व का द्यावयाचे ते उमजेल.

शरीरातील प्रवास आणि परिणाम

रक्तात शिरलेले शिसे बहुतांशी तांबड्या पेशींना चिकटून सर्व शरीरभर हिंडते. शरीराला ते कॅल्शियमसारखे भासते. आणि कॅल्शियमच्या नावाने ते हाडांत जाऊन बसते. प्रौढाच्या शरीरातील एकूण शिशापैकी शेकडा ९० हून अधिक शिसे हाडांत असते. रक्तातील शिसे निम्मे होण्यास सुमारे एक महिना लागतो. हाडांतील निम्मे होण्यास दहा ते तीस वर्षे लागू शकतात. म्हणून काम सोडल्यावर रक्तातील प्रमाण आरंभी भरभर उतरते आणि पुढे हाडांतील साठा हळूहळू रक्तात येत राहिल्याने ते रेंगाळते. दीर्घ आजार, वार्धक्य आणि गर्भारपण यांत हाडे झिजतात, तेव्हा जुने शिसे पुन्हा बाहेर पडते.

शिशाचा पहिला आघात रक्तनिर्मितीवर होतो. रक्ताला तांबडा रंग देणारे हीमोग्लोबिन ज्या टप्प्यांनी तयार होते, त्यांपैकी काही टप्पे घडविणारी एन्झाइमे शिशामुळे लुळी पडतात. परिणामी रक्त कमी होते, चेहरा फिकट पडतो आणि थोड्या श्रमाने दम लागतो.

दुसरा आघात मज्जासंस्थेवर होतो. डोके दुखणे, झोप न लागणे, चिडचिड, विस्मरण, हातात कंप ही लक्षणे दिसू लागतात. बाधा फार वाढल्यास मनगट वर उचलणारे स्नायू दुबळे होऊन हात लोंबू लागतो. जुन्या रंगाऱ्यांमध्ये हे चिन्ह इतके आढळे की ते त्या धंद्याची खूणच मानले जाई.

पोटात मुरडा मारून येणारा शूल आणि दीर्घ बद्धकोष्ठ ही या रोगाची जुनी ओळख होय. काही रोग्यांच्या हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ दिसते. तिचे वर्णन लंडनमधील वैद्य हेन्री बर्टन यांनी १८४० मध्ये केले. याशिवाय मूत्रपिंडांची हानी, रक्तदाबाची वाढ, पुरुषांत शुक्राणूंची घट आणि स्त्रियांत गर्भपात हे परिणामही सिद्ध झाले आहेत.

येथे एका गोष्टीवर भर दिला पाहिजे. शूल, लोंबणारा हात, हिरडीवरची रेघ ही सारी उशिराची चिन्हे आहेत. त्यांच्या पुष्कळ आधी, रोगी स्वतःला निरोगी समजत असतानाच, रक्तदाब आणि मूत्रपिंडे यांवर परिणाम सुरू झालेला असतो. शिवाय डोकेदुखी, थकवा, अपचन ही लक्षणे सामान्य असल्याने कारागीर ती उन्हाच्या, जागरणाच्या किंवा बाहेरच्या खाण्याच्या माथी मारतो आणि गोळी घेऊन पुन्हा कामाला लागतो. केवळ लक्षणांवर विसंबून राहिल्यास हा रोग नेहमीच हातून निसटतो.

घरी पोचणारे शिसे

कारागीर संध्याकाळी घरी जातो तेव्हा त्याच्या कपड्यांवर, केसांत आणि चपलांत बसलेली धूळ त्याच्याबरोबर जाते. तो मुलाला उचलून घेतो. त्याचे कपडे घरच्या कपड्यांत धुतले जातात. रांगणारे मूल जमिनीवरचे हात तोंडात घालते. मुलाच्या शरीरात शिशाचे शोषण अधिक होते आणि त्याचा मेंदू अजून घडत असतो. म्हणून जे प्रमाण बापाला जाणवतही नाही, ते मुलाची बुद्धी, अवधान आणि शिकण्याची शक्ती कायमची कमी करू शकते. गर्भवती स्त्रीच्या रक्तातील शिसे वारेतून गर्भापर्यंत पोचते.

मुलांसाठी शिशाचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधून तो बंद करावा, असा तिचा २०२१ चा सल्ला आहे. २०२० मध्ये युनिसेफने प्रसिद्ध केलेल्या अहवालातील अंदाजानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे या पातळीच्या वर होते. त्यांपैकी सुमारे २७ कोटी ५० लाख मुले भारतातील होती. या सर्व शिशाचा उगम मोटारीत नाही; परंतु बॅटऱ्या फोडण्याचा व वितळविण्याचा अनियंत्रित उद्योग हे त्याचे एक प्रमुख कारण म्हणून त्या अहवालाने दाखविले.

गॅरेजात काम शिकणारा मुलगा तर घरी आणलेल्या धुळीतही असतो आणि कामाच्या धुरातही. १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या परिशिष्टात पुढे मोटार-दुरुस्तीच्या कार्यशाळांचा समावेश करण्यात आला होता. आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वच धंद्यांत मनाई केली. या मनाईमागे शाळेचा विचार आहे, तसाच शरीराचाही आहे.

तपासणी आणि उपचार

शिशाची बाधा ओळखण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे शिरेतून काढलेल्या रक्ताची तपासणी. रेडिएटर, बॅटरी किंवा रंग घासण्याचे काम नित्य करणाऱ्याने, काही त्रास नसतानाही, ठराविक काळाने ती करवून घ्यावी आणि आपण कोणते काम करतो ते वैद्यास आवर्जून सांगावे. वैद्यांनीही रोग्याचा धंदा विचारला पाहिजे. रामाझ्झिनीने तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी हाच उपदेश केला होता.

बाधा आढळल्यास पहिला आणि मुख्य उपचार म्हणजे त्या माणसाला शिशापासून दूर करणे. प्रमाण फार वाढलेले असल्यास शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे रुग्णालयात वैद्याच्या देखरेखीखाली देतात. ती आपल्या मनाने घेऊ नयेत. आणि औषध घेत घेत तेच काम तसेच चालू ठेवणे हे तर सर्वस्वी अयोग्य होय.

दूध किंवा गूळ खाल्ला म्हणजे धातूचे विष उतरते, अशी समजूत अनेक धंद्यांत आढळते. पुरेसे कॅल्शियम व लोह असलेला आहार शोषण काही अंशी कमी करतो, हे खरे आहे, आणि असा आहार अवश्य घ्यावा. परंतु दुधाचा पेला हातात देऊन धुरात बसविणे म्हणजे प्रतिबंध नव्हे.

प्रतिबंधाचे उपाय

उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. जो उपाय उगमाजवळ तो सर्वांत परिणामकारक, आणि जो केवळ कारागिराच्या सावधगिरीवर अवलंबून तो सर्वांत दुबळा.

पहिला उपाय शिसेच टाळणे. शक्य तेथे रेडिएटर झाळण्याऐवजी ॲल्युमिनियमचा बसवावा, बिनशिशाचा डाख वापरावा, चाकांना पोलादाची किंवा जस्ताची वजने लावावीत. जुनी बॅटरी गॅरेजात फोडू नये; ती विक्रेत्याकडे परत द्यावी. बॅटऱ्या परत घेण्याविषयी भारतात २००१ मध्ये नियम झाले आणि २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले.

दुसरा उपाय धूर व धूळ उगमापाशीच पकडणे. डाखकामाच्या टेबलावर धूर ओढून छपराच्या वर सोडणारी नळी व पंखा बसवावा. छताचा साधा पंखा धूर ओढून नेत नाही, उलट तो सर्व खोलीभर पसरवितो. ज्योत लहान ठेवावी आणि डाख वितळताच ती दूर करावी. रंग घासावयाचा तो पाण्याने ओला ठेवून घासावा. जमीन कोरडी झाडू नये; ओल्या फडक्याने पुसावी.

तिसरा उपाय वैयक्तिक स्वच्छतेचा. कामाच्या जागी खाणे, पिणे, विडी व तंबाखू वर्ज्य करावी. खाण्यापूर्वी हात साबणाने व नखे ब्रशाने धुवावीत. पेट्रोलने हात धुणे म्हणजे धुणे नव्हे. कामाचे कपडे व चपला वेगळ्या ठेवाव्यात, घरी जाण्यापूर्वी स्नान करावे आणि ते कपडे वेगळे धुवावेत. नाकाला बांधलेला रुमाल शिशाचा धूर अडवू शकत नाही. त्यासाठी सूक्ष्म कण गाळणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा लागतो.

कायदा आणि लहान गॅरेज

शिशाची विषबाधा हा धंद्यामुळे होणारा रोग आहे, हे आपल्या कायद्याने फार पूर्वीच मान्य केले. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमात तिचा समावेश होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ती कळविणे व्यवस्थापकावर आणि उपचार करणाऱ्या वैद्यावरही बंधनकारक केले. परंतु 'कारखाना' कशास म्हणावयाचे, हे तेथे मुख्यतः कामगारांच्या संख्येवर ठरविले होते. विजेचा वापर असल्यास ती संख्या दहा होती; नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या २०२० च्या संहितेने ती वीस केली. चार माणसांचे गॅरेज या व्याख्येत बसत नाही. निरीक्षक तेथे सहसा पोचत नाही, रक्ततपासणीची सोय नसते आणि झालेल्या बाधेची नोंदही राहत नाही.

लेग यांचे तत्त्व येथे पुन्हा आठवावे. मोठ्या कारखान्यात मालक जे करू शकतो, ते लहान गॅरेजात उस्तादाला एकट्याने करणे अवघड असते. अशा वेळी एका पेठेतील गॅरेजमालकांच्या संघटनेने सामायिक डाखकामाची जागा, धूर ओढणारा पंखा आणि वर्षातून एकदा रक्ततपासणी यांची सोय एकत्र येऊन करणे शक्य आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार-मेकॅनिकच्या विद्यार्थ्याला डाख कसा भरावा याबरोबरच त्याचा धूर कोठे जातो हेही शिकविले गेले पाहिजे.

सारांश

मोटारीच्या पेट्रोलमधील शिसे गेले. पण रेडिएटर, बॅटरी, जुना रंग आणि चाकांची वजने यांतून ते गॅरेजात अद्याप येते. ते धूर व धूळ यांच्या रूपाने नाका-तोंडावाटे शिरते, हाडांत साठते आणि रक्त, मज्जासंस्था व मूत्रपिंडे यांना इजा करते. ठळक लक्षणे उशिरा दिसतात, म्हणून रक्ततपासणी हवी. कपड्यांबरोबर ते घरी जाते आणि मुलांना सर्वाधिक बाधते. शिसे टाळणे, धूर उगमापाशी पकडणे आणि स्वच्छता हे उपाय याच क्रमाने योजावयाचे. आणि त्यांची पहिली जबाबदारी काम देणाऱ्याची असते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. बंद बॅटरी हाताळणे आणि बॅटरी फोडणे या दोहोंतील धोक्यात फरक का पडतो?

२. एका कारागिराच्या शरीरात ५ लिटर रक्त असून रक्तात दर डेसिलिटरला २० मायक्रोग्रॅम शिसे आहे. त्याच्या सर्व रक्तात मिळून किती मिलिग्रॅम शिसे असेल?

३. काम सोडल्यानंतरही रक्तातील शिसे बरीच वर्षे पूर्णपणे का जात नाही?

४. छताचा पंखा आणि धूर ओढून नेणारा पंखा यांच्या कार्यात काय भेद आहे? आकृती काढून दाखवा.

५. 'दूध प्याले की शिशाची बाधा होत नाही' या समजुतीत तथ्य किती आणि चूक किती, ते लिहा.

उपक्रम

शिक्षकांसमवेत जवळच्या एखाद्या गॅरेजमालकाची परवानगी घेऊन भेट द्या. शिसे असलेली कोणतीही वस्तू हाताळू नका. पुढील गोष्टींची नोंद करा : कोणकोणती कामे चालतात, धूर व धूळ कोठे उत्पन्न होते आणि कोठे जाते, हात धुण्यास साबण व पाणी आहे काय, कारागीर चहा व जेवण कोठे घेतात, कामाचे कपडे कोठे धुतले जातात. नंतर वर्गात चर्चा करून त्या गॅरेजासाठी थोड्या खर्चात होण्याजोगे तीन उपाय सुचवा, आणि ते साध्या भाषेत एका फलकावर लिहून गॅरेजमालकास द्या.